आप्पांचा उजवा पाय

आमच्या दुकानात एका शब्दाला बंदी होती. वास. आकड्याला लावलेल्या मटणाबद्दल कुणाला शंका आली, तर बाकीच्यांना एवढंच म्हणायचं, "पंखा लाव." मग दादा मुकाट्यानं तो तुकडा उतरवून मागं नेणार, आप्पा बघणार आणि बिघडलेला असला तर सरळ फेकून देणार. गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. खाटकानं स्वतःच्या तोंडानं हा शब्द काढला तर लोक काय, वाटच बघत असतात, असं आप्पांचं म्हणणं.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून तरुणपणी आले आणि वसईजवळ जूचंद्रच्या रस्त्यावर मटणाचं दुकान टाकलं, तेव्हा आजूबाजूला भातशेती आणि मिठागरं होती. आता समोर बिल्डिंगा आहेत. दुकानामागं दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं: आप्पा, आई, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि मी. माझं लग्न झालेलं नाही आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर माझं डोकं फिरतं, म्हणून आधीच सांगून टाकते. मी वालीवला एका कंपनीत पॅकिंगला जाते. रविवारी गल्ल्यावर बसते, पिशव्या भरते.

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. मी दोन-दोनदा साबण लावून जायचे, तरी एक मुलगी वहीनं वारा घ्यायची. एकदा मी तिची वही फाडून तिच्याच हातात दिली. घरी आल्यावर आईनं मला मारलं, आप्पांनी काहीच विचारलं नाही. त्यांना माहीत असणार. पण तेव्हापासून मी ठरवूनच टाकलं की घरात, दारात, कुठंही त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. त्यात मी स्वतः इतकी अत्तरं, पावडरी लावून कंपनीत जायचे की दादा म्हणायचा, "आली बघा, नाकानं कांदे सोलणारी." तर असं आमचं घर. सगळ्यांना नाकं होती आणि सगळ्यांनी ती मिटून घेतली होती.

आप्पांना शुगर होती. गोळी घेतली का विचारलं की म्हणायचे, "तू कधीपासून डॉक्टर झालीस गं?" घ्यायचे कधी, कधी नाही. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्या यायच्याही बंद झाल्या. त्यांची चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, असे ते आरामात रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जायचे. आम्ही मागून ओरडायचो, "आप्पा, चप्पल दारातच राहिली!" आणि हसायचो. काय हसायचो! टपरीवालासुद्धा हसायचा. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आणि माणूस कसा, तर बसायचा नाही. आमच्या दुकानात स्टूल एकच, गल्ल्यामागचं. आप्पा चिंचेच्या ओंडक्यासमोर सकाळपासून उभे. सत्तूर खाली आला की हाड एका घावात दोन, दुसरा घाव त्यांना कमीपणाचा वाटायचा. दादाला दोन घाव लागले की त्याच्याकडं बघायचे फक्त. दादाचे कान लाल व्हायचे.

हे झालं गटारीच्या आठवड्यात. श्रावण लागायच्या आधी माणसं महिनाभराचं खाऊन घेतात. दुकानासमोर रांग, वरून पाऊस, गटारं भरून पाणी पायरीवर. आप्पांच्या पायात दिवसभर गमबूट. त्या गर्दीत कधीतरी हाडाची एक कपची उडाली आणि त्यांच्या उजव्या गमबुटात पडली. आपल्याला चपलेत खडा गेला तर आपण चार पावलं चालू शकत नाही. आप्पा त्या कपचीवर उभे राहून तोडत राहिले. ती तळव्यात शिरली, आत गेली, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. हे सगळं आम्हाला नंतर समजलं. तेव्हा फक्त दुकानात घाण यायला लागली.

पहिल्यांदा बोलली ती गावातली एक म्हातारी. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दुकानात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "काय गो, हय कायतरी सरलाय. पानी टाक, पानी!" सडलंय म्हणते, हे रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत कळलं. आप्पा हसत म्हणाले, "आजी, गटार तुंबलंय पावसानं." ती गेल्यावर त्यांनी दादाकडं जे बघितलं, ते मला अजून दिसतं.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. दादाला तर सगळ्यांनीच धारेवर धरलं. आतडी साफ करायचं काम त्याचं, म्हणजे चूक त्याचीच. मी म्हटलं, "दिवसभर मोबाईलमध्ये डोकं, कुठं काय टाकतोस ते बघ की जरा!" आप्पा म्हणाले, "हयगय केलीस तर कानाखाली काढीन." तिशी उलटलेल्या माणसाला! रात्रीचं जेवण सोडून त्यानं गटारात खांद्यापर्यंत हात घालून घाण काढली. वास गेला नाही. ओंडक्याखाली उंदीर मेला असेल म्हणून तो एवढा जड ओंडका आम्ही तिघांनी सरकवला, आप्पा त्याच पायावर जोर देऊन ढकलत होते. उंदीर नव्हता. डीप फ्रीझर रिकामा केला, त्यातलं चांगलं मटण शंकेपोटी फेकून दिलं. कातडी नेणाऱ्याला आईनं दारातच झापलं, की तू वेळेवर येत नाहीस. ब्लीचिंग पावडर टाकली, फिनेल टाकलं, धूप जाळला. वास हटेना. आप्पा जिथं उभे राहायचे तिथं जास्त यायचा. म्हणून आम्ही काय केलं असेल? तिथलीच फरशी उचकटली.

माझा संताप होतो तो इथं. मटणाच्या दुकानामागं न राहणारं दुसरं कुठलंही घर असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं असतं, अहो, तुमच्या पायाला वास येतोय. बास, एवढंच. आमच्यात कोण म्हणणार? आप्पांच्या अंगाला वास येणारच, खाटीक आहेत ते. मी तर वहीनं वारा घेणाऱ्या त्या मुलीसारखी होणार नव्हतेच. आणि आई त्यांच्या शेजारी झोपत होती.

श्रावण लागला. काही खाटीक पापडीकडच्या ख्रिस्ती गिऱ्हाइकांच्या जोरावर श्रावणातही दुकान चालवतात. आमची गिऱ्हाइकं बहुतेक श्रावण पाळणारी, म्हणून आप्पा सुरुवातीचे काही दिवस कुलूपच लावायचे. दुकान धुऊन कोरडं केलं. आकडे रिकामे, फ्रीझर बंद, मटणाचा कण नाही. मी सुटीच्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत चहा ठेवत होते. आप्पा कॉटवर बसून पेपर वाचत होते, पायात मोजे. आणि वास आला. तसाच. दुकानाचं शटर बंद, मध्ये भिंत, आणि वास इथं, घरात.

मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या पायांशी जाऊन बसले.

"आप्पा, मोजा काढा."

"काय गं? चहा आण."

"मोजा काढा म्हणते ना!"

"थंडी वाजते मला," ते म्हणाले. आणि पेपर तोंडासमोर धरला. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे. सगळं नसेल, पण काहीतरी माहीत आहे. मी ओरडून दादाला बोलावलं. त्यानं त्यांचे खांदे धरले, मी मोजा ओढला. तो सहज निघाला नाही, चिकटला होता. दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्याला भोक होतं, त्या भोकातून ती कपची दिसत होती. दादानं चिमटीनं ती काढली. आप्पा बघत होते, डोळा मिटला नाही, कारण त्यांना काही लागतच नव्हतं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं, दुकानाचाच हाय." तेवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली.

वसईतल्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पाय वाचणार नाही. आज गुडघ्याखाली कापला तर माणूस वाचेल."

आप्पा नाही म्हणाले.

आम्हाला वाटलं घाबरले असतील, समजावू. पण तो माणूस घाबरलेला नव्हता. उशीला टेकून, दुकानात उभे राहिल्यासारखे शांत होते. डॉक्टरबाई गेल्यावर मला म्हणाले, "बाजारातून येताना टेम्पोत एखाद्या बोकडाचा पाय मोडला, तर आपण त्याला किती दिवस ठेवतो गं?"

मला उत्तर माहीत होतं. ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पहिला तोच.

"मग?" ते म्हणाले.

"तुम्ही बोकड नाही, आप्पा!" मी एवढ्या जोरात ओरडले की अख्खा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा तर उठून बसला. आप्पांना हसू आलं. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन जिन्यात रडले.

मग सगळ्यांनी प्रयत्न केले. आईनं शपथ घातली. दादा पहिल्यांदाच त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलला, "तुम्ही गेल्यावर मी काय करायचं?" आप्पा म्हणाले, "दुकान उघडायचं." डॉक्टरबाई रोज येऊन रिपोर्ट दाखवत होत्या, सडणं वर सरकतंय म्हणत होत्या. आप्पा मान हलवायचे, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय. एका पायावर दुकानात उभं राहता येत नाही आणि बसून ते जगणार नव्हते. साधा हिशेब त्यांचा. आम्ही त्या हिशेबात कुठं बसत होतो कोण जाणे. तेव्हा मला ते फार दुष्ट वाटले. अजूनही अधूनमधून वाटतात.

मग एका दुपारी, ताप चढलेला असताना, त्यांनी दादाला जवळ बोलावलं. "चादर काढ. अंगठ्यानं दाबून बघ."

धंद्यात नसलेल्यांना सांगायला हवं. मटण ताजं आहे की बिघडलंय हे बघायला अंगठ्यानं दाबतात. चांगलं असलं तर पडलेला खड्डा लगेच भरून येतो. बिघडलेलं असलं तर खड्डा तसाच राहतो. लहानपणी सगळ्यात आधी आम्हाला हेच शिकवलं होतं.

दादा नको म्हणाला. हात पाठीमागं नेले त्यानं.

"दुकान चालवायचंय ना तुला? दाब."

दादानं आधी डाव्या मांडीवर दाबलं. खड्डा भरून आला. मग उजव्या नडगीवर. खड्डा राहिला. आप्पा मान उचलून बघत होते. गुडघ्यावर दाबलं, राहिला. दादानं वर दाबलं, आणखी वर. मांडीच्या मध्यापाशी पोहोचल्यावर कुठं तो खड्डा सावकाश भरत आला. डॉक्टरबाईंनी सकाळी नेमकं हेच सांगितलं होतं, की आता गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. पण आप्पांना ते आपल्या पोराच्या अंगठ्यातून बघायचं होतं.

त्यांनी स्वतःच्या नखानं मांडीवर रेघ ओढली. "इथनं," म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "उशीर केला गं मी." मी होय म्हणाले. खोटं बोलायला पाहिजे होतं, पण तोंडातून होयच निघालं.

त्याच संध्याकाळी पाय कापला. थोड्या वेळानं एक वॉर्डबॉय कापडात गुंडाळलेलं, प्लास्टिकमध्ये बांधलेलं मोठं गाठोडं घेऊन आला आणि सरळ दादाच्या हातात द्यायला लागला. तिथली रीतच तशी होती, म्हणे, नातेवाइकांनीच न्यायचा. जन्मभर बोकडाच्या तंगड्या खांद्यावर वाहिलेला माझा भाऊ, त्याचे हात पुढं येईनात. वॉर्डबॉय कंटाळून म्हणाला, "अरे भाई, पकडो ना!" शेवटी एका बाजूनं मी धरलं, मग दुसऱ्या बाजूनं त्यानं धरलं. रिक्षात ते दोघांच्या मांडीवर आडवं ठेवलं. रिक्षावाल्यानं विचारलं काय आहे, दादा म्हणाला, "सामान."

स्मशानातल्या माणसानं सांगितलं, एवढ्याला सरण रचत नाहीत, तान्ह्या पोरांना पुरतात त्या कोपऱ्यात पुरा. खड्डा त्यानंच काढून दिला आणि मीठ आणायला सांगितलं. मिठाचं पोतं आलं. दादानं कापड जरा सोडलं आणि मूठभर मीठ घेऊन चोळायला लागला. आम्ही कातड्याला मीठ लावतो, नेमका तसा त्याचा हात फिरत होता, कडेकडेनं, दाबून, सगळीकडं सारखं. आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. तो चिखलात बसला आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. उरलेलं मीठ मी टाकलं, माती मी ओढली.

आप्पा शुद्धीवर आले आणि पाय दुखतोय म्हणाले. उजवा. इतकी वर्षं होता तेव्हा त्यांना तो कळत नव्हता, आणि आता नव्हता तर बोटन् बोट ठणकत होतं. आई कॉटच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून दाबत बसायची. "इथं का? की खाली?" विचारायची. "खाली," ते म्हणायचे. ती खाली दाबायची, गादी. आणि त्यांना बरं वाटायचं, खरंच वाटायचं. मला ते बघवत नव्हतं.

पण विष रक्तात गेलेलं होतं. आठवडाही निघाला नाही. एका सकाळी दादा दाढीचं सामान घेऊन गेला, तेव्हा आप्पांनी त्याला विचारलं, ओंडका जागेवर सरकवला का. तो हो म्हणाला. दाढी अर्धी झाली आणि आप्पा गेले. उरलेली अर्धी दादानं नंतर केली.

त्यांना घरी आणलं. गावाकडून चुलते आले, समोरच्या बिल्डिंगांतली गिऱ्हाइकं आली, ती म्हातारी आली. अंघोळ घातली, नवं कापड घातलं. उजवीकडं कापड सपाट पडलं होतं. खांदेकरी वाकले आणि आई उठून दारात आडवी बसली.

"पाय आणा," म्हणाली.

कुणाला कळेना. मला कळलं.

चुलते म्हणाले, "वहिनी, असं करू नका. पुरलेलं उकरत नाहीत."

"मला नका सांगू काय करतात अन् काय न्हाई!" माझी आई, जी नात्यातल्या पुरुषांपुढं आयुष्यात मोठ्यानं बोलली नाही, ती किंचाळली. "त्यांना कधी कुणी एका पायावर बघितलंय? मी शेजारी झोपत हुते अन् मला कळलं न्हाई. आता अर्धा माणूस वाटंला लावू? पाय आणा, न्हाईतर मला बी उचला."

दादा स्मशानाकडं निघाला, तेव्हा कुठं आई दारातून उठली. आम्ही निघालो तेव्हा तो पुढं पोहोचला होता. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आई गेली, तिच्यामागं मी गेले, आणि कुणाची अडवायची छाती झाली नाही. स्मशानातला माणूस आधी नाहीच म्हणत होता. आईकडं बघून त्यानं फावडं दादाच्या हातात दिलं आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला.

पावसानं माती भिजून जड झाली होती. दादा फावड्यानं वरची माती काढून मग हातानंच उकरायला लागला, धार लागू नये म्हणून. मीठ होतं, तरी व्हायचं ते झालंच होतं. चुलते मागं सरकले. माणसांनी रुमाल काढले, कुणी तोंड फिरवलं, एक जण भिंतीपाशी जाऊन ओकला. आम्ही तिघं तिथंच उभे होतो. दादानं गाठोडं वर काढलं आणि आईपुढं धरलं.

आईनं ते कापड उघडलं. घाई नाही, काही नाही. तळव्याला, बोटांना माती लागली होती. तिनं पदराचा शेव घेतला आणि ती माती पुसायला लागली, एकेका बोटामधनं, भोक होतं तिथं हलक्या हातानं. "दुखलं असंल हो," म्हणाली. त्यांच्याशीच बोलत होती, आमच्याशी नाही. "किती दुखलं असंल."

मग तिनं स्वतः तो सरणावर ठेवला, उजव्या बाजूला, बोटं वर करून, आणि त्यांच्यावरचं कापड त्याच्यावर ओढून सारखं केलं. दादानं अग्नी दिला तेव्हा आप्पांना दोन्ही पाय होते.